बीएमएक्स शर्यतीत पुढचं गेट नेमकं कधी पाडतात? समजून घ्या घाई आणि सुरक्षिततेचं गणित

बीएमएक्सच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील. उंच चढावर आठ सायकलस्वार एका रांगेत, पुढचं चाक लोखंडी गेटला टेकवून उभे असतात. बीप वाजतात, गेट धाडकन खाली पडतं आणि आठही जण उतारावरून सुसाट सुटतात. रील तिथेच संपते.

पण ट्रॅकवरचं खरं काम तिथे सुरू होतं. कारण त्याच क्षणी मागे पुढचे आठ जण गेटकडे सरकत असतात. त्यांना लगेच सोडायचं, की थांबवायचं? हा निर्णय दर मिनिटाला घ्यावा लागतो आणि तो चुकला तर कुणाचं तरी हाड मोडू शकतं.

बीएमएक्स म्हणजे काय?

बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. 1970 च्या सुमारास अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्नियात मुलं मोटोक्रॉसची नक्कल करत सायकली मातीत पळवायला लागली आणि त्यातून हा खेळ उभा राहिला. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्याचा पहिल्यांदा समावेश झाला.

मोठ्या स्पर्धांचा ट्रॅक साधारण 300 ते 400 मीटरचा असतो आणि अव्वल खेळाडू तो 30 ते 40 सेकंदांत संपवतात. पण या खेळाचा पाया आहे गावोगावचे छोटे ट्रॅक. अमेरिकेत अशा ट्रॅकवर संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी शर्यती होतात. पाच वर्षांच्या चिमुरड्यापासून पन्नाशीतल्या काकांपर्यंत सगळे उतरतात. व्यवस्था पाहणारे बहुतेक स्वयंसेवक असतात आणि त्यातही पालकच जास्त.

गेट पडतं कसं?

शेवटचे काही सेकंद यंत्राच्या हातात असतात. स्टार्टरने बटण दाबलं की आधी रेकॉर्ड केलेला आवाज स्पर्धकांना सावध करतो, मग तयार राहायला आणि गेटकडे लक्ष द्यायला सांगतो. यानंतर 0.1 ते 2.7 सेकंदांचा थांबा येतो. तो किती असेल हे कुणालाच माहीत नसतं. मग लाल, पिवळा, पिवळा, हिरवा असे दिवे बीपसह झपाट्याने लागतात आणि हिरव्याला गेट पडतं.

हा अनिश्चित थांबा मुद्दाम ठेवलेला आहे. ठरलेल्या तालावर गेट पडलं असतं, तर जुन्या खेळाडूंनी तो पाठ करून आधीच झेप घेतली असती.

म्हणजे गेट पडण्याचा क्षण यंत्र ठरवतं. पण बटण कधी दाबायचं, हे माणूसच ठरवतो.

घाई का होते?

साधं गणित मांडू. समजा एका संध्याकाळी 25 गट आहेत आणि प्रत्येक गटाच्या तीन फेऱ्या आहेत. म्हणजे गेट 75 वेळा पडणार. दोन शर्यतींमध्ये एक मिनिट ठेवलं तर सव्वा तास लागतो. दीड मिनिट ठेवलं तर जवळपास दोन तास. वर अंतिम फेऱ्या वेगळ्याच.

फरक फक्त 30 सेकंदांचा, पण मुलांची शाळा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. लहान मुलं कंटाळतात, थंड पडलेल्या पायांनी पुन्हा गेटवर येतात. पालक वैतागतात आणि पुढच्या वेळी येतच नाहीत. म्हणून आयोजकांवर ‘सोडा लवकर’ असा दबाव असतो.

टोकियोत काय घडलं?

ताळमेळ चुकला की काय होतं, हे टोकियो ऑलिम्पिकमध्ये दिसलं. जुलै 2021 मध्ये नेदरलँड्सचा नीक किमन सराव करत होता. तेवढ्यात एक अधिकारी ट्रॅक ओलांडायला मध्ये आला आणि किमन त्याच्यावर आदळला. त्याच्या गुडघ्याच्या वाटीला तडा गेला. तशाच गुडघ्याने त्याने काही दिवसांत सुवर्णपदक जिंकलं, म्हणून ही गोष्ट गाजली.

ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर हे होऊ शकतं, तर हौशी स्वयंसेवकांच्या ट्रॅकवर किती सावध राहावं लागत असेल, विचार करा.

मग पुढची शर्यत कधी सोडायची?

मुंबईच्या लोकलचं सिग्नल आठवा. पुढची गाडी एक टप्पा सोडून गेल्याशिवाय मागच्या गाडीला त्या टप्प्यात जायला सिग्नल मिळत नाही. इथेही तसंच. प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेला माणूस असतो. हिरवा झेंडा म्हणजे ट्रॅक मोकळा. पिवळा म्हणजे ट्रॅकवर अडथळा आहे, स्पर्धकांना गेटवरच थांबवा. लाल म्हणजे शर्यत ताबडतोब थांबवा आणि गेटकडे परत या.

पुढची शर्यत शेवटच्या सरळ टप्प्यात पोहोचली आणि मागे कुणी पडलेलं नसेल, तर अनेक ठिकाणी पुढचं गेट पाडतात. पण हे घड्याळ लावून करता येत नाही. पुढे सहा वर्षांची नवखी मुलं असतील आणि मागे वेगवान मोठे, तर अंतर वाढवावंच लागतं. पहिल्या वळणात आठही जण एकाच वेळी घुसतात, तिथे एक पडला की तिघं-चौघं पडतात. ते सगळे उठून, सायकल घेऊन बाजूला होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

मग वेळ वाचवायचा कुठे?

उत्तर गेटच्या मागे आहे. पुढच्या दोन-तीन शर्यतींचे स्पर्धक आधीच आपापल्या लेनप्रमाणे रांगेत उभे असतील, तर गेट वर आल्याबरोबर ते जागेवर जातात. खरा वेळ जातो तो ‘अमुक कुठे आहे?’ अशा हाका मारण्यात, ऐन वेळी हेल्मेटचा पट्टा लावण्यात आणि लेन नंबर शोधण्यात. म्हणून यादी ठळक लावणं, नावं आधीच पुकारणं आणि रांग लावायला एक खमका माणूस उभा करणं, यातूनच मिनिटं वाचतात.

नवख्या मुलांच्या गटाला मात्र गेटवर चार सेकंद जास्त दिलेले बरे. पॅडल सावरताना गेट पडलं, तर मूल जागेवरच कोलमडतं. त्याला उचलण्यात त्याहून जास्त वेळ जातो आणि त्याच्या मनात बसलेली भीती वेगळीच.

थोडक्यात, चांगली लय म्हणजे भराभर गेट पाडणं नव्हे. मागे रांग तयार हवी, पुढे ट्रॅक मोकळा हवा आणि यातलं एक जरी नसेल तरी थांबण्याची हिंमत स्टार्टरमध्ये हवी. पुढच्या वेळी अशी रील समोर आली, तर गेटकडे बघून झाल्यावर एकदा वळणावरच्या झेंड्याकडेही बघा.