संघटनात्मक संस्कृती

एखाद्या संस्थेतील सदस्यांमध्ये रुजलेली समान मूल्ये, गृहीतके आणि वर्तनाच्या रीती यांना संघटनात्मक संस्कृती असे म्हणतात. एडगर शाइन यांनी १९८५ साली तिचे तीन स्तर मांडले: पोशाख, समारंभ यांसारख्या दृश्य खुणा, जाहीर केलेली मूल्ये आणि सहसा न बोलली जाणारी मूलभूत गृहीतके.

टॉम पीटर्स व रॉबर्ट वॉटरमन यांच्या 'इन सर्च ऑफ एक्सलन्स' (१९८२) या पुस्तकानंतर भक्कम संस्कृती हे व्यावसायिक यशाचे साधन आहे, हा विचार लोकप्रिय झाला.

टीका

ह्यू विलमॉट यांनी १९९३ मधील लेखात या विचाराची तुलना जॉर्ज ऑर्वेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीतील सत्तेशी केली. टीकाकारांच्या मते, नियमांची जागा मूल्यांनी घेतली की नियंत्रण संपत नाही. ते कर्मचाऱ्याच्या कृतीबरोबरच त्याच्या विचारांपर्यंत आणि भावनांपर्यंत पोहोचते. अशा वेळी मतभेद हा निष्ठेचा अभाव ठरू शकतो.

उदाहरण

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर नष्ट होऊन सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला. थंडीचा रबरी कड्यांवर परिणाम होईल, या कारणास्तव कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री उड्डाणास विरोध केला होता. समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी १९९६ मधील ग्रंथात दाखवले, की या कड्यांमधील दोष आधीच्या उड्डाणांतही आढळले होते. मात्र प्रत्येक वेळी ते स्वीकारार्ह मानले गेल्याने धोकाच नित्याचा झाला. या प्रक्रियेस त्यांनी 'विचलनाचे सामान्यीकरण' म्हटले.