पाचवी भाकरी

परवा शेतातून शेलूबाजारच्या घरी आलो, तर पाच वर्षांच्या नातीने ओसरीची भिंत कोळशाने रंगवलेली. मी हात उगारणार, तोच ती म्हणाली, "आबा, ही चार माणसं, ह्या चार भाकरी. आता तुम्ही आलात, एक कमी पडते." आणि तिने पाचवी भाकरी काढली.

माझा हात खाली आला. याच ओसरीवर तिच्या बापाकडून मी अंक घोकून घेतले होते. चुकला की चापट. पाढे आले, पण गणिताची धास्तीही बसली.

एका माणसाला एक भाकरी, ही जोडी लावणे हेच मोजण्याचे मूळ. पाच चिंचोके लांब लांब मांडले की लहान मुलाला ते जास्त वाटतात, हे पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवले. खेळता खेळता 'तेवढेच आहेत' हे त्याला उमगते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. खडे, शिंपले, पाने हीच त्यांची साधने होती.

संध्याकाळी मुलगा आला. भिंत बघून त्याने फडके उचलले.

"राहू दे," मी म्हणालो.

हे म्हणायला मला तीस वर्षे उशीर झाला होता.