क्रेनवाल्याची सनद

भूमचे नाव घेतले की बाहेरगावच्या माणसाला खवा आठवतो. आमच्या वर्गातल्या मुलांना विचारले तर ती रस्त्यांवर बोलतात. एक रस्ता बार्शीकडे जातो, एक परंड्याकडे, आणि एक पारगावला जाऊन सोलापूर-धुळे महामार्गाला, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५२ ला मिळतो. कारखान्यांचे गाळप सुरू झाले की या रस्त्यांवर उसाच्या डबल ट्रॉल्या आणि ट्रक रात्रंदिवस चालतात. त्यातली एखादी गाडी कलंडली की दोन्ही बाजूंना रांगा लागतात. लोक हॉर्न वाजवतात, मोबाईल काढतात आणि विचारतात, "क्रेन आली का?"

क्रेन येते. तिच्यातून उतरणारा मुलगा अठरा-वीस वर्षांचा असतो. पायात चप्पल, अंगात साधा शर्ट, हातात लोखंडी हुक. तो थेट पलटी झालेल्या ट्रकखाली शिरतो. बघणाऱ्यांना त्याचे कौतुक वाटते. आम्हाला धडकी भरते.

आपल्या समाजात गॅरेजचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. उस्तादाच्या हाताखाली शागिर्द राहतो, पाने उचलून देतो, शिव्या खातो आणि चार-पाच वर्षांत इंजिन उघडायला लागतो. या पद्धतीला आम्ही नावे ठेवणार नाही. शाळेने जे शिकवले नाही ते तिने शिकवले. पण गॅरेजमध्ये चूक झाली तर नट पुन्हा खोलता येतो. वीस-पंचवीस टनांचा ट्रक वायरवर लटकलेला असताना झालेली चूक परत खोलता येत नाही.

हे काम म्हणजे नुसती ताकद नव्हे, हिशोब आहे. शाळेत साधी यंत्रे शिकवताना आम्ही कप्पी फळ्यावर काढतो. तीच कप्पी इथे लागते. वायरचे टोक एका जागी घट्ट बांधून ती ट्रकला लावलेल्या कप्पीतून परत विंचकडे आणली, तर विंचवरचा ताण जवळपास निम्मा होतो. पण तीच कप्पी झाडाला बांधून वायर आल्या वाटेने मागे फिरवली, तर झाडावर वायरच्या ताणाच्या दुप्पट ओढ येते. झाड उपटून अंगावर का आले, याचे उत्तर तिथे असते.

बेल्टचेही तसेच. दहा टनांचा बोजा दोन उभ्या बेल्टवर उचलला तर प्रत्येकावर पाच टन येतात. बेल्ट फाकवून जमिनीशी ३० अंशांचा कोन केला, तर प्रत्येकावर पूर्ण दहा टन! बोजा तोच, बेल्ट तेच, बदलला फक्त कोन. सात टनांचा बेल्ट तिथे तुटतो आणि पोरगा म्हणतो, माल हलका होता.

हवेच्या ब्रेकची गोष्ट तर पालकांनीही ऐकावी अशी आहे. मोठ्या ट्रकच्या टाकीतली हवा गेली की मागची चाके आपोआप जाम होतात. ती सोडवायला बाहेरून हवा द्यावी लागते किंवा ब्रेक चेंबरचा बोल्ट लावून आतली स्प्रिंग आवळावी लागते. चाकांना आधी ठोकळे लावले नसतील तर ब्रेक सुटताच गाडी उताराला लागते. आणि चेंबरमधली स्प्रिंग प्रचंड दाबाखाली बसवलेली असते. घाईत हातोडा मारून चेंबर उघडला, तर ती तोफगोळ्यासारखी सुटते. त्यानंतर मागची चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढायची असेल, तर प्रोपेलर शाफ्ट काढावा लागतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली की गिअरबॉक्समध्ये तेल नीट फिरत नाही आणि तो जळतो. मग मालकाचा लाखाचा खर्च आणि भांडण.

हायड्राबद्दल दोन शब्द. आपल्याकडे कलंडलेली गाडी उचलायला बहुतेक वेळा हायड्राच येते. जुन्या पद्धतीच्या हायड्रात बूम पुढे आणि चालक मागे, त्यामुळे पुढचा माणूस नीट दिसत नाही. बोजा लटकवून वळताना ती कलंडतेही. उचलायला ठीक, पण बोजा घेऊन लांबवर पळवायला ती नव्हे, हे शिकवणारा कोणीतरी हवा.

आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलाच्या हाताची दोन बोटे वायरीत गेली. विंच फिरत असताना वायर हाताने सरळ करू नये, हे त्याला नंतर कळले. त्याची अम्मी आम्हाला भेटली तेव्हा रडली नाही. तिने विचारले, "सर, या कामाचा काही कागद असतो का? त्याच्याकडे कागद असता तर मालकाने त्याला असे घरी बसवले असते का?"

कागद असतो. पण आधी एक फरक समजून घ्यावा. आरटीओचा परवाना गाडी चालवण्याचा असतो, गाडी उचलण्याचा नव्हे. तरी तोही हवाच. वाहतुकीचे वाहन चालवायला कायद्याने वयाची २० वर्षे पूर्ण लागतात, आणि त्याचा शिकाऊ परवाना काढण्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालवायला मुभा दिली, पण जड रिकव्हरी व्हॅन त्यात बसत नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा परवानाच मागते.

उचलण्याच्या हुनराची सनद वेगळी. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल ही संस्था क्रेन ऑपरेटरच्या कामाचे मानक ठरवते आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. ज्याने वर्षानुवर्षे काम केले आहे पण कागद नाही, त्याच्यासाठी पूर्वकौशल्याला मान्यता देण्याची सोय आहे; २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ती आहे. थोडी उजळणी, मग प्रत्यक्ष काम करून दाखवणे. आमच्या मते ही सोय पोरांपेक्षा उस्तादांनी आधी घ्यावी. चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाला परीक्षेची लाज वाटते, हे आम्ही जाणतो. पण उस्तादाच्या भिंतीवर सनद लागली की शागिर्द आपोआप विचारू लागतो.

अमेरिकेत या धंद्याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा गावच्या अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्याने १९१६ मध्ये जुन्या मोटारीवर खांब, कप्पी आणि साखळी बसवून गाड्या ओढणारी पहिली गाडी बनवली. ओढ्यात पडलेली एक मोटार दोर आणि माणसांच्या बळावर काढताना तास न्‌ तास गेले होते, त्यातून त्याला ही कल्पना सुचली. आज त्या गावात या धंद्याचे संग्रहालय आहे आणि काम करताना जीव गमावलेल्यांच्या नावांची एक भिंतही. तिकडे १९९१ पासून रेकमास्टर नावाची संस्था मैदानात खरोखरच्या गाड्या आडव्या पाडून त्या उभ्या करायला शिकवते. पायऱ्यापायऱ्यांनी प्रमाणपत्रे मिळतात. आधी हलकी गाडी, मग जड.

असे मैदान धाराशिव जिल्ह्यात का असू नये? जागा आहे, भंगारातले ट्रक आहेत, तालुक्याच्या ठिकाणी आयटीआय आहे, उस्तादही आहेत. टोल घेणाऱ्या महामार्गांवर क्रेन ठेवावीच लागते, १०३३ या क्रमांकावर फोन केला की ती येते. म्हणजे माणसे तर लागणारच. आयटीआय आणि क्रेनमालक एकत्र बसले तर वर्षातून पंधरा दिवसांचा वर्ग भरवणे अवघड नाही.

तोपर्यंत घरच्यांनी एवढे करावे. दहावीनंतर मुलगा या कामात जाणारच असेल, तर आधी त्याला आयटीआयला डिझेल मेकॅनिक किंवा मोटार मेकॅनिकला घाला. मालकाकडे ठेवताना पगाराआधी चमकणारे जॅकेट, हेल्मेट, बूट आणि हातमोजे मागा. हजेरी आणि पगार बँकेतून घ्यायला सांगा. कामावर जखमी झालेल्याला कायद्याने भरपाई मिळते, पण तो कामाला होता हे दाखवावे लागते. बेल्टला शिवलेल्या चिठ्ठीवर तो किती टनांचा आहे हे लिहिलेले असते. ती चिठ्ठी फाटलेली असेल, तर तो बेल्ट मुलाने उचलूच नये.