दहावीनंतर मुलास कोणत्या वाटेने धाडावे?

शेतकरी पेरणीपूर्वी जमिनीचा मगदूर पाहतो, बियाणे पारखतो आणि मगच पाभर धरतो. मुलाच्या शिक्षणाची पेरणी मात्र शेवगावकडील पुष्कळ घरी निकालानंतरच्या आठ दिवसांत, शेजाऱ्याचा मुलगा जिकडे गेला तिकडे पाहून उरकली जाते. हिची हानी एका हंगामात भरून निघत नाही. म्हणून हा विचार अगोदर करावा.

मुख्य गोष्ट ही की, पुढील कोणती दारे उघडी राहतील हे अकरावीची शाखा ठरविते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. ते आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथील कृषी पदवी चार वर्षांची असून, तीसाठी साधारणतः विज्ञान शाखेची बारावी व राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा लागते. महाविद्यालय जवळ आहे एवढ्याच कारणाने कला शाखा घेतल्यास हे दार मिटते, आणि बापास ते दोन वर्षांनी कळते. वकिली, अध्यापन किंवा स्पर्धा परीक्षा हा हेतू असेल, तर तीच शाखा योग्य होय.

दुसरी वाट तंत्रनिकेतनाची. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास जाता येते. तिसरी आय.टी.आय.ची. वीजतंत्री होण्यास तेथे दोन वर्षे पुरतात. आणि विहिरीवरील मोटार दुरुस्त करणाऱ्यास गावात काम कमी पडत नाही. ज्यास शेतीच सांभाळावयाची आहे त्याने शिक्षण सोडण्याचे कारण नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशांकरिताच आहे.

खर्चाचा अंदाज पहिल्या वर्षाचा नव्हे, शेवटच्या वर्षापर्यंतचा मांडावा. त्यात शुल्काबरोबर खोलीभाडे व खाणावळही धरावी. मुलींचा विचार मागे ठेवू नये. २०२४ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरच्या मुलींस, शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेने व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे.

तात्पर्य, दहावीच्या वर्षी दिवाळीच्या सुटीतच मुलास जवळ बसवून त्याचा कल विचारावा, शिक्षकांचा सल्ला घ्यावा, आणि उत्पन्न, जात व अधिवास यांचे दाखले तहसील कचेरीतून वेळीच काढून ठेवावेत. जमीन वाटणीने लहान होत जाते. मुलाने मिळविलेल्या विद्येची वाटणी होत नाही.