प्रबंधाचा संकल्प किती तपशिलाचा असावा?

चाकणच्या एका कारखान्यांत नोकरी करून पीएच. डी. करूं इच्छिणारा माझा एक जुना विद्यार्थी नुकताच आपल्या प्रबंधाचा संकल्प दाखवावयास आला. विषय ‘चिंचवडच्या देवस्थानाचा इतिहास’. पानें चाळीस, प्रकरणें बारा, निष्कर्षही लिहिलेले. परंतु मूळ कागद कोठें पाहावयाचे याविषयीं एक ओळही नव्हती. तपशील पुष्कळ होता, पण तो भलत्या ठिकाणीं होता.

आपले शास्त्रकार ग्रंथारंभीं विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी हे चार अनुबंध सांगत. संकल्पाचें मापही तेंच असावें.

विषय एका प्रश्नांत मांडतां यावा. लॉरेन्स प्रेस्टन यांनीं याच देव घराण्यावर १९८९ सालीं इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत घराणें व राज्यसत्ता यांचा परस्परसंबंध हा नेमका प्रश्न धरला आहे. त्यापुढें आपण नवीन काय शोधणार, हें प्रयोजन होय.

संबंध म्हणजे येथें प्रश्न व साधनें यांची सांगड समजावी. खरा तपशील हवा तो या ठिकाणीं. पेशवे दप्तरांतील कोणते रुमाल पाहावयाचे, खासगी संग्रह कोणते, मालकांची अनुमति मिळाली कीं नाहीं, हें लिहावें. कालगणनेचा नियमही सांगावा. शुहूर सनांत मृगारंभापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें ६०० मिळवावे लागतात. पानिपतचा संग्राम शुहूर ११६१ मधला. सरसकट ५९९ मिळविल्यास जानेवारी १७६१ ची ही घटना एक वर्ष मागें जाते.

अधिकार म्हणजे मोडी वाचनाची तयारी. ती नसल्यास किती महिन्यांत करणार, हें प्रांजळपणें नमूद करावें.

निष्कर्ष मात्र लिहूं नयेत. ते आधींच ठरले तर कागद केवळ साक्षीपुरते उरतात. प्रकरणांची योजनाही तात्पुरती म्हणूनच द्यावी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें या पदवीस किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षें मिळतात. तेवढ्या अवधींत एखादा वाडा पाडला जाऊन त्यांतील रुमाल रद्दींत गेले, तर ते कोणत्याही पदवीनें परत येणार नाहींत. म्हणून आधीं काय पाहावयाचें, हें संकल्पानेंच ठरवावें. आणि संग्राहकांनींही अशा अभ्यासकांस आपल्या संग्रहाची यादी दाखवावी.

माझा विद्यार्थी महिन्यानें परत आला. पानें सहाच होतीं, परंतु त्यांतील दोन कागदांच्या यादीचीं होतीं.