घरच्या जिममध्ये पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही?

घरीच वेट ट्रेनिंग करायचंय, पण बजेट कमी आहे? मग लोखंडी प्लेट्स जुन्या घ्या. गंज घासून रंग दिला की काम झालं. फक्त वजन करून घ्या आणि भोकाचं माप तपासा. ऑलिंपिक रॉडची टोकं ५० मिमी जाड असतात, साध्या घरगुती सेटचा रॉड बराच बारीक असतो. एकाच्या प्लेट्स दुसऱ्याला नीट बसत नाहीत.

रॉड आणि रॅकमध्ये मात्र काटकसर नको. रॉड सपाट फरशीवर गडगडवून बघा. वाकडा असेल तर लगेच कळेल. एकट्याने बेंच प्रेस करणार असाल, तर सेफ्टी बार असलेलाच रॅक घ्या. नाहीतर हात थकल्यावर रॉड छातीवर किंवा गळ्यावर अडकून जीवावर बेतू शकतं. रॅक येईपर्यंत जमिनीवर झोपून डंबेल प्रेस करा.