हमस, फलाफल, शवर्मा: 'मेडिटेरेनियन' जेवण खरंच हेल्दी असतं का? ऑर्डर देण्याआधी हे वाचा

रविवारची संध्याकाळ, कोल्हापुरातला मित्रमैत्रिणींचा एखादा ग्रुप. सकाळी मिसळ झालेली असते, तांबडा-पांढरा परवाच ओरपलेला असतो. मग कुणीतरी म्हणतं, "आज काहीतरी हलकं खाऊया. मेडिटेरेनियन!"

मेन्यू हातात येतो आणि प्रश्न सुरू होतात. हमस म्हणजे काय? फलाफल व्हेज असतं का? चौघांत किती प्लेट मागवायच्या? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे जेवण खरंच हेल्दी असतं का? एकेक गोष्ट समजून घेऊया.

'मेडिटेरेनियन' म्हणजे नेमकं कुठलं?

मेडिटेरेनियन म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठचं. या समुद्राच्या एका बाजूला इटली, ग्रीस, स्पेन. दुसरीकडे तुर्किये, सीरिया, लेबनॉन. आणि खाली इजिप्त, मोरोक्को. म्हणजे ही एक पाककृती नाही, तर बऱ्याच देशांची स्वयंपाकघरं आहेत. आपल्याकडच्या साध्या हॉटेलांत मात्र या नावाखाली मुख्यतः लेबनॉन आणि आसपासच्या देशांचे पदार्थ मिळतात, सोबत थोडं ग्रीक आणि तुर्की.

नावं नवी, पदार्थ ओळखीचे

हमस: अरबीत 'हुम्मुस' म्हणजे हरभरा. उकडलेले काबुली चणे, तिळाची पेस्ट (ताहिनी), लिंबू, लसूण आणि मीठ एकत्र वाटायचं, वरून ऑलिव्ह तेल सोडायचं. झालं हमस. वाटलेले तीळ कोल्हापूरकरांना नवीन नाहीत. अनेक घरांत पांढऱ्या रश्श्याच्या वाटणात खसखस, काजू यांच्यासोबत तीळही असतात.

फलाफल: भिजवलेले कच्चे हरभरे कोथिंबीर, कांदा, लसूण घालून भरड वाटायचे आणि तळायचे. पद्धत आपल्या डाळवड्याचीच. इजिप्तमध्ये हाच पदार्थ बाकला नावाच्या शेंगेच्या दाण्यांपासून करतात.

लबने: दही फडक्यात बांधून पाणी काढलं की जे उरतं ते. म्हणजे चक्का. आपण त्यात साखर घालून श्रीखंड करतो, तिकडे मीठ आणि ऑलिव्ह तेल घालतात.

त्झात्झिकी: घट्ट दही, काकडी, लसूण. काकडीच्या कोशिंबिरीची ग्रीक बहीण.

पिटा: आतून पोकळ असलेली मऊ रोटी. भाकरीसारखाच तुकडा मोडायचा आणि हमस उचलून खायचं. काट्या-चमच्याची गरज नाही.

हे छोटे पदार्थ मधोमध ठेवून सगळ्यांनी वाटून खायची पद्धत आहे, तिला 'मेझे' म्हणतात. त्यामुळे प्रत्येकाने वेगळी प्लेट मागवू नका. चौघांत तीन-चार पदार्थ मागवा, पिटा लागेल तसा वाढवा.

मग हे हेल्दी कसं ठरलं?

1958 मध्ये अमेरिकन संशोधक अँसेल कीज यांनी सात देशांमधल्या पुरुषांचा आहार आणि हृदयविकार यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. ग्रीसच्या क्रीट बेटावर हृदयविकाराचं प्रमाण फार कमी आढळलं. तिथले लोक भाज्या, कडधान्यं, फळं, पाव आणि भरपूर ऑलिव्ह तेल खायचे. मांस मात्र थोडंच. यातून 'मेडिटेरेनियन डाएट' हे नाव जगभर गाजलं. 2010 मध्ये युनेस्कोनेही या आहारपद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

गंमत इथेच आहे. अभ्यास झाला तो कष्टकरी माणसांच्या घरच्या जेवणाचा. आपल्या टेबलावर येतं ते बहुतेक वेळा रस्त्यावरचं फास्ट फूड. मैद्याचा पिटा, तळलेलं फलाफल, फ्राइज आणि त्यावर मेयोनीजची धार. नाव तेच राहतं, पण ताटातलं बरंच काही बदललेलं असतं.

मेयोनीज कुठून आलं?

लेबनॉनमध्ये चिकन शवर्मासोबत 'तूम' देतात. लसूण, तेल, लिंबू आणि मीठ घोटून केलेली पांढरी चटणी. त्यात अंडं नसतं. आपल्याकडे तिची जागा बऱ्याच ठिकाणी मेयोनीजने घेतली. ते स्वस्त पडतं आणि पटकन होतं.

पारंपरिक मेयोनीजमध्ये कच्चं अंडं असतं. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतो. मेयोनीज शिजवत नाहीत, त्यामुळे तो मरत नाही, आणि बाहेर उकाड्यात राहिलं तर झपाट्याने वाढतो. म्हणूनच केरळने जानेवारी 2023 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये एकेका वर्षासाठी तसाच निर्णय घेतला.

शवर्मात धोका कुठे असतो?

शवर्मा हा शब्द 'फिरवणं' या अर्थाच्या तुर्की शब्दावरून आला. मसाल्यात मुरवलेले मांसाचे पातळ तुकडे उभ्या गजावर एकावर एक रचतात. गज आचेसमोर फिरतो, बाहेरचा थर भाजला की तो सुरीने कापून घेतात.

म्हणजे कुठल्याही क्षणी बाहेरचं मांस शिजलेलं आणि आतलं कच्चं असतं. ही या पदार्थाची रचनाच आहे. नीट केलं तर अडचण नाही. अडचण दोन वेळी येते. गर्दी असली की थर पुरता भाजण्याआधीच सुरी चालते. गिऱ्हाईक नसलं की आच बंद होते आणि आतलं मांस तासन् तास कोमट राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: अन्न 5 अंशांपेक्षा थंड किंवा 60 अंशांपेक्षा गरम ठेवा. मधल्या तापमानात जिवाणू वेगाने वाढतात. मांस आतपर्यंत किमान 70 अंशांना शिजलं पाहिजे.

हा नियम मोडला की काय होतं, हे आपल्या देशाने पाहिलं आहे. 2022 मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शवर्मा खाल्ल्यानंतर एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला आणि अनेक जण आजारी पडले. मे 2024 मध्ये मुंबईत मानखुर्द भागात रस्त्यावरचा शवर्मा खाल्ल्यानंतर 19 वर्षांच्या तरुणाचा जीव गेला. कासरगोडच्या घटनेनंतर केरळने शवर्मासाठी स्वतंत्र नियम केले. पार्सलवर तारीख आणि वेळ लिहायची आणि ते तासाभरात खाण्याची सूचनाही द्यायची, हा त्यातलाच एक नियम.

ऑर्डर देताना काय पाहायचं?

1. आच चालू आहे का? कापलेलं मांस पुन्हा तव्यावर परतून देतात का? नसेल तर तसं सांगा.

2. मेयोनीज फ्रिजमधून काढतात की काउंटरवर उघडं आहे? अंड्याचं आहे की एगलेस? त्याऐवजी तूम किंवा त्झात्झिकी मागता येईल.

3. श्रावण किंवा वार पाळत असाल, तर फलाफलबद्दल दोन प्रश्न विचारा. वरचा सॉस एगलेस आहे का, आणि तळण्याचं तेल चिकनसाठीही वापरतात का?

4. तिळाची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा. हमसमध्ये तीळ वाटलेले असल्यामुळे दिसत नाहीत.

5. हमसला आंबूस वास येत असेल तर परत करा.

6. बिलावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक आहे का? जानेवारी 2022 पासून तो छापणं बंधनकारक आहे.

7. पार्सल घेतलंत तर लगेच खा. उरलेला शवर्मा सकाळच्या डब्यासाठी ठेवू नका.

खरंच हलकं खायचं असेल तर हमस, लबने, सॅलड आणि भाजलेलं चिकन किंवा पनीर मागवा. फ्राइज आणि मेयो वगळलं की ताट क्रीटच्या जेवणाच्या बरंच जवळ जातं.

खाल्ल्यावर त्रास झाला तर?

उलट्या-जुलाब सुरू झाले तर ओआरएस घ्या. ताप जास्त असेल, शौचात रक्त दिसलं, किंवा आजारी माणूस लहान मूल, गरोदर स्त्री वा वयस्कर असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा. बिल जपून ठेवा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे 1800222365 या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करता येते.

तक्रार करण्याआधी हॉटेलातच बोलायला मात्र लाजू नका. रस्सा कोमट आला तर कोल्हापूरकर वाटी परत पाठवतो, "जरा उकळून आणा" म्हणतो. शवर्माच्या काउंटरवरही तेवढ्याच हक्काने म्हणा, "जरा तव्यावर परतून द्या."